नवशिक्यांसाठी बेली डान्स : कोथरूडमधील एका वर्गाचे परीक्षण

बेली डान्स शिकायला सुरुवात करणाऱ्या व्यक्तीला पहिल्या तीन महिन्यांत नेमके काय मिळायला हवे, याचे उत्तर वर्गांच्या जाहिरातींत सहसा सापडत नाही. वजन कमी होईल, आत्मविश्वास वाढेल आणि एखाद्या गाजलेल्या हिंदी गाण्यावर नाचता येईल, एवढीच आश्वासने तिथे असतात. माझ्या मते पहिल्या टप्प्याची कसोटी वेगळी आहे. उभे राहण्याची पद्धत सुधारली का, शरीराचा एक भाग हलत असताना बाकीचे भाग शांत ठेवता येऊ लागले का आणि वाजणारा ठेका कानाला ओळखू येऊ लागला का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि त्यावरून वर्गाची किंमत ठरवावी. कोथरूडमधील ज्या वर्गात मी प्राथमिक टप्पा पूर्ण केला, त्याचे परीक्षण मी याच कसोट्यांवर करीत आहे. शिकवण्याच्या बाबतीत हा वर्ग उत्तम आहे. जागा आणि व्यवस्थापन या बाबतींत मात्र तो बराच कमी पडतो. त्रुटींविषयी मोकळेपणाने लिहायचे असल्यामुळे वर्गाचे आणि शिक्षिकेचे नाव दिलेले नाही.

प्राथमिक टप्पा तीन महिन्यांचा असून आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तासाचा वर्ग भरतो. मासिक फी २,८०० रुपये आहे आणि एका बॅचमध्ये १२ पेक्षा अधिक जणींना घेत नाहीत. ही मर्यादा खरोखर पाळली जाते, याचे मला विशेष कौतुक वाटते, कारण या नृत्यातल्या चुका इतक्या बारीक असतात की मोठ्या घोळक्यात त्या शिक्षिकेच्या नजरेतून सुटल्याच असत्या. आमच्या बॅचमध्ये महाविद्यालयीन मुलींपासून साठी ओलांडलेल्या काकूंपर्यंत सगळ्या वयाच्या बायका होत्या आणि नृत्याचा पूर्वानुभव नसलेल्यांची संख्या जास्त होती.

पहिल्या आठवड्यात नाच असा फारसा होत नाही. पावले खुब्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, माकडहाड सरळ जमिनीच्या दिशेने, ओटीपोट हलकेच आत, बरगड्या उचललेल्या आणि खांदे मागे व खाली, अशी उभे राहण्याची पद्धत आधी अंगवळणी पाडली जाते आणि तासाचा मोठा भाग त्यातच जातो. काही जणींना हे कंटाळवाणे वाटले, पण या वर्गाचे सगळे बळ याच भागात आहे असे माझे ठाम मत आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या अनेकींच्या कमरेला मागून जास्तीची खोलगट कमान पडलेली असते, आणि त्याच अवस्थेत पोट पुढे ढकलून किंवा मागे झुकून हालचाली केल्या तर सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. शिक्षिका प्रत्येकीला भिंतीला पाठ टेकवून उभे करतात, कमर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तळहात घालून पाहायला सांगतात आणि मग ओटीपोट मागे-पुढे कलवत मधली जागा शोधायला लावतात. ही मधली जागा एकदा सापडली की पुढची प्रत्येक हालचाल तिथूनच सुरू होते आणि तिथेच परत येते.

यानंतर क्रम येतो तो गुडघ्यांचा. बेली डान्स म्हटले की सगळ्यांचे लक्ष पोटाकडे आणि कमरेकडे जाते, पण कमरेच्या बहुतेक हालचाली गुडघ्यांतून सुरू होतात, ही गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. एका बाजूचा गुडघा सरळ होऊ लागला की त्या बाजूचा खुबा वर उचलला जातो आणि गुडघा सैल सोडला की खुबा खाली येतो. गुडघे ताठ करून उभे राहिले तर कमरेला हलायला जागाच राहत नाही आणि मग नवशिकी व्यक्ती पाठीचे स्नायू आवळून जोर लावू लागते.

‘हिप ड्रॉप’ ही त्यातली पायाभूत हालचाल ज्या बारकाईने शिकवली गेली, ती येथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. सगळे वजन डाव्या पायावर ठेवायचे, उजवा पाय अर्धे पाऊल पुढे घेऊन त्याची टाच उचलायची, उजवा खुबा वर न्यायचा आणि ठेक्याच्या नेमक्या मात्रेवर तो खाली सोडायचा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात नवशिक्या बायकांचा डावा गुडघाही त्याबरोबर वाकतो आणि सगळे शरीर वरखाली होऊ लागते. यावर शिक्षिकेने प्रत्येकीच्या डोक्याच्या उंचीवर आरशावर मार्करने एक आडवी रेघ ओढली आणि डोके त्या रेघेच्या खाली जाता कामा नये, एवढीच एक सूचना दिली. आमच्यातल्या काकूंनी थोडा वेळ करून पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘अगं, खुबा खाली सोडला की डोकंही खाली जातंय बघ.’’ शिक्षिका त्यांच्या बाजूला जमिनीवर बसल्या, डाव्या गुडघ्याला नुसता हात लावला आणि म्हणाल्या, ‘‘काकू, हा वाकतोय. हा आहे तसाच राहू द्या आणि फक्त उजवा सोडा.’’ पुढच्याच प्रयत्नात काकूंचे डोके रेघेवर स्थिर राहिले. चूक कुठे आहे हे नेमके ओळखणे आणि एका वेळी एकच दुरुस्ती सांगणे, हे कौशल्य मी इतर छंदवर्गांच्या शिक्षकांत क्वचितच पाहिले आहे.

‘शिमी’ म्हणजे कमरेची जलद थरथर हीदेखील त्याच पद्धतीने शिकवली गेली. दोन्ही गुडघे आळीपाळीने सैल व सरळ करायचे, मांड्या आणि नितंब आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही, आणि वेग हा सगळ्यात शेवटी वाढवायचा. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून सुरुवात होते आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्याखेरीज पुढचा वेग मिळत नाही. समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती पाहून जलद थरथर करण्याच्या ओढीने आलेल्या मुलींना ही संथ वाट नकोशी वाटते, हे मी बॅचमध्ये पाहिले. परंतु ज्या जणींनी ती मनापासून पाळली, त्यांची शिमी तिसऱ्या महिन्यात एका लयीत आणि न थांबता पूर्ण गाणेभर टिकू लागली. कमरेने जमिनीला समांतर काढायचा इंग्रजी आठाचा आकडा, छातीची उचल, हातांच्या लाटा आणि संपूर्ण धडाची वरून खाली उतरणारी लाट, हे सगळे याच टप्प्यात होते. त्यांपैकी धडाची लाट मात्र घाईने उरकली गेली असे मला वाटते.

तालाचे शिक्षण हा या वर्गातला माझा सर्वांत आवडता भाग होता. शिक्षिका स्वतः दरबुका हे पेल्याच्या आकाराचे अरबी चर्मवाद्य वाजवतात. मध्यभागी हाताने दिलेला खोल आवाज ‘दुम’ आणि कडेला बोटांनी काढलेला टणक आवाज ‘तेक’, एवढ्या दोन बोलांवर मकसूम, बलदी आणि सईदी हे तीन ताल आधी तोंडाने म्हणायचे, मग टाळीने धरायचे, मग त्यांवर चालायचे आणि त्यानंतरच कमर हलवायची. मकसूमचा सांगाडा ‘दुम तेक – तेक दुम – तेक –’ असा आहे. बलदीत सुरुवातीलाच दोन दुम लागोपाठ येतात आणि सईदीत ते दोन दुम मध्यावर येतात. तिन्ही आठ मात्रांत मोजता येत असल्याने भजनातल्या केरव्यावर वाढलेल्या कानाला हा हिशेब परका वाटत नाही, पण वजन वेगळ्या जागी पडते आणि मधल्या रिकाम्या मात्रा सांभाळाव्या लागतात. आमच्या बॅचमध्ये एक मुलगी कथक शिकलेली होती. बोल तिने पहिल्या तासातच उचलले, परंतु तिचे पाय ठेका जमिनीवर देऊ पाहत, आणि इथे तर पावले मऊ ठेवून तो ठेका खुब्याने द्यायचा असतो. लावणी पाहत मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या बायकांना ढोलकीला कमरेने उत्तर देणे ओळखीचे असते. मात्र लावणीत शब्दांचा अर्थ आणि चेहऱ्यावरची अदा नाच पुढे नेतात, तर इथे पुष्कळदा शब्दच नसतात आणि नर्तिकेला वाद्याचे ऐकूनच पुढे जावे लागते. ऊद व कानून ही तंतुवाद्ये किंवा नाय ही बासरी यांपैकी एखादे वाद्य एकटेच वाजत असते, ताल थांबलेला असतो आणि शरीराने त्या सुरांच्या मागून संथपणे जायचे असते. या मुक्त वादनाला ‘तकसीम’ म्हणतात. वर्गात त्याला अखेरच्या आठवड्यात जेमतेम एक तास मिळाला, ही अभ्यासक्रमातली मोठी उणीव आहे. बेली डान्सचे खरे सौंदर्य त्या संथ भागात आहे आणि नवशिक्यांनाही ते सुरुवातीपासून थोडे थोडे ऐकवले गेले पाहिजे.

आपण कोणती शैली शिकवतो हे शिक्षिकेने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकीने ही अपेक्षा वर्गाकडून ठेवावी. इजिप्शियन, तुर्की आणि अमेरिकेत घडलेल्या शैली दिसायला आणि करायला पुष्कळ वेगळ्या आहेत. अमेरिकेत या नृत्याची ओळख मोठ्या प्रमाणावर १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातून झाली, आणि समूहाने परस्परांना खुणा देत नाचण्याची ‘ट्रायबल’ शैली तर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आकाराला आली. आमच्या वर्गात इजिप्शियन शैली शिकवली जाते. नर्तिका बदिया मसाबनी यांनी १९२६ च्या सुमारास कैरोमध्ये आपले करमणूकगृह सुरू केले आणि घरच्या समारंभांत, लग्नकार्यांत होणाऱ्या नाचाला तिथे प्रशस्त रंगमंच मिळाला. पुढे नावारूपाला आलेल्या तहिया कारिओका आणि सामिया गमाल या दोघी नर्तिकाही तिथल्याच. शिक्षिकेने या दोघींच्या जुन्या कृष्णधवल चित्रपटांतील नृत्ये आम्हाला शेजारी शेजारी दाखवली. तहिया फार थोड्या जागेत, जवळजवळ एकाच ठिकाणी उभ्या राहून संपूर्ण गाणे पेलतात, तर सामिया हात पसरून सगळ्या रंगमंचावर वाहत जातात. एकाच काळात, एकाच शहरात, इतके भिन्न स्वभाव या नृत्यात सामावले गेले, हे पाहिल्यावर ‘हा चित्रपटातला कॅबरे आहे’ अशी समजूत घेऊन आलेल्या बायकांच्या बोलण्याचा सूरच बदलला. नर्तक महमूद रेडा यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या नृत्यमंडळाने इजिप्तची लोकनृत्ये रंगमंचावर आणली, याचीही माहिती मिळाली. सईदी तालावर काठी घेऊन नाचण्यामागे ‘वरच्या’, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तमधील पुरुषांचा ‘तहतीब’ हा काठीचा खेळ आहे, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्याचा समावेश अमूर्त वारशाच्या यादीत केला आहे. हा वर्ग पुरुषांना प्रवेश देत नाही. बायकांसाठी स्वतंत्र बॅच असणे मला योग्य वाटते, पण या परंपरेतले पुरुषांचे स्थान पाहता त्यांच्यासाठीही एखादी बॅच सुरू व्हायला हवी.

कपड्यांबाबत नवीन येणाऱ्या बायकांच्या मनात बराच संकोच असतो, म्हणून हे स्पष्ट लिहिते की पोट उघडे ठेवण्याची सक्ती येथे मुळीच नाही. लेगिंग आणि अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट पुरेसा आहे. खुब्याची रेषा दिसावी म्हणून त्यावर एखादी ओढणी घट्ट बांधली की झाले. खुद्द इजिप्तमध्ये नर्तिका पोटावर पातळ जाळीचे कापड लावतात आणि बलदी नावाचा तिथला लोकशैलीतला नाच तर अंगभर पायघोळ झग्यातच होतो. नाण्यांचा कंबरपट्टा ऑनलाइन ४०० ते ७०० रुपयांत मिळतो, परंतु पहिल्या महिन्यात तो बांधू नये असा शिक्षिकेचा आग्रह असतो, कारण नाण्यांच्या खळखळाटात आपली हालचाल मात्रेवर पडली की नाही हे कळत नाही. हा सल्ला मला पूर्णपणे पटला.

खासगीपणाची काळजी शिक्षिका मनापासून घेतात. खिडक्यांना धुरकट काचा आहेत, सगळ्यांचे मोबाइल दाराजवळच्या टोपलीत ठेवले जातात आणि सरावासाठी शिक्षिका केवळ स्वतःची चित्रफीत बॅचच्या गटावर पाठवतात. असे असताना एका तासाला व्यवस्थापनाने पूर्वसूचना न देता जाहिरातीसाठी छायाचित्रकार पाठवला, ही अत्यंत आक्षेपार्ह गोष्ट होती. आम्ही काही जणींनी हरकत घेतल्यावर आमची छायाचित्रे काढून टाकण्यात आली; पण अनेक बायका घरी फारशी वाच्यता न करता अशा वर्गाला येत असतात, त्यांच्यासाठी ही बाब किती गंभीर आहे, याची जाणीव व्यवस्थापनाला आधीच असायला हवी होती.

प्रवेशाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या अर्जात पाठीचे, गुडघ्याचे आणि खुब्याचे दुखणे, अलीकडची शस्त्रक्रिया आणि गर्भारपण यांविषयी विचारले जाते. मणक्याचा त्रास असलेल्या एका विद्यार्थिनीला शिक्षिकेने डॉक्टरांची लेखी संमती आणल्याशिवाय सुरुवात करू दिली नाही. फी बुडण्याची पर्वा न करता त्यांनी हे केले, म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

जागेविषयी मात्र चांगले लिहिता येत नाही. काँक्रीटवर थेट बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर हा वर्ग भरतो. अनवाणी पायांनी तासभर शिमीचा सराव करताना प्रत्येक धक्का टाचेतून नडगीपर्यंत पोहोचतो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तीच फरशी निसरडी होते. नृत्यवर्गाला लाकडी किंवा निदान लवचीक थर दिलेली जमीन हवी. या फीमध्ये ती अपेक्षा गैरवाजवी नाही. दालनाच्या मध्यावर एक खांब असल्याने मागच्या रांगेतल्या दोघींना आरसा अर्धाच दिसतो. स्वतःच्या चुका आरशात पाहून सुधारण्यावर ज्या पद्धतीचा भर आहे, तिच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे. शिक्षिका दर तासाला रांगा बदलून ही अडचण कमी करतात, पण ती मुळातून दूर करणे त्यांच्या हातात नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार तिसऱ्या महिन्याअखेरीस होणाऱ्या सादरीकरणाविषयी आहे. प्रवेशाच्या वेळी त्याचा उल्लेख ‘ऐच्छिक’ असा केला होता आणि खर्चाविषयी काहीच सांगितले नव्हते. प्रत्यक्षात पोशाखाचे भाडे आणि सभागृहाचा वाटा मिळून प्रत्येकीकडून ३,५०० रुपये मागण्यात आले, आणि ज्यांनी भाग घ्यायचे नाकारले त्यांना शेवटचे तीन आठवडे बसवलेल्या नाचाच्या रांगांचा सराव नुसता पाहावा लागला. पैशांपेक्षाही मला त्या तासांचे अधिक वाईट वाटले. धडाची लाट आणि तकसीम यांना हवा असलेला वेळ कोणी कुठल्या कोपऱ्यातून प्रवेश करायचा, हे ठरवण्यात खर्च झाला. नवशिक्या बायकांना रंगमंचाचा आनंद मिळू नये असे मी म्हणत नाही. आमच्या काकू त्या दिवशी प्रकाशात उभ्या राहून जे नाचल्या ते पाहून मला मनापासून आनंद झाला. पण त्याचा सराव वेगळ्या तासांना घ्यावा आणि खर्च पहिल्याच दिवशी लेखी द्यावा. शिक्षिकेलाही हे मान्य असल्याचे त्यांच्या बोलण्यावरून जाणवले. निर्णय मात्र जागेच्या मालकांचा असतो.

केवळ ध्वनिचित्रमुद्रित धड्यांवरून घरी शिकता येईल का, असे मला अनेक मैत्रिणी विचारतात. ताल ऐकण्यासाठी आणि शिकलेल्या हालचालींच्या उजळणीसाठी ते धडे उपयोगी आहेत आणि खर्चही कमी येतो. परंतु आपला न हलायला हवा तो गुडघा हलतो आहे, हे पडद्यावरची शिक्षिका सांगू शकत नाही, आणि चुकीची सवय एकदा जडली की ती सोडवायला शिकण्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून पहिले तीन महिने तरी समोर माणूस असलेल्या वर्गातच जावे, असे माझे मत आहे.

हा वर्ग मी पुढच्या टप्प्यासाठीही निवडला आहे आणि त्याचे कारण केवळ शिक्षिका आहेत. इतर कुठे प्रवेश घेणार असाल, तर २०० - ३०० रुपये भरून चाचणीच्या तासाला आधी जाऊन यावे. जमिनीवर अनवाणी उभे राहून पाहावे. मागच्या रांगेतून आरसा दिसतो का ते बघावे. शैली कोणती, सादरीकरण असते का, त्याचा खर्च किती आणि छायाचित्रांबाबत नियम काय, हे विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. त्या तासाला शिक्षिका स्वतः किती नाचून दाखवतात यापेक्षा त्या विद्यार्थिनींच्या पायांकडे किती वेळ पाहतात, याकडे लक्ष ठेवावे. तासभर आरशाकडे तोंड करून नाचणाऱ्या आणि एकदाही मागे न वळणाऱ्या शिक्षिकेकडे, फी निम्मी असली तरी, प्रवेश घेऊ नये.